आजोबांचं बंद पडलेलं खिशातलं घड्याळ घरी दुरुस्त करता येतं का?

जुनं खिशातलं घड्याळ बंद का पडलं, असं घरात विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "कुणीतरी चावी जास्त दिली असणार." चावी पुढे फिरत नाही आणि घड्याळ चालत नाही, म्हणजे स्प्रिंग जाम झाली, असा सरळ हिशेब.

पण बहुतेक वेळा त्या 'कुणीतरी'चा काही दोष नसतो. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ बंद असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की स्प्रिंगमध्ये ताकद आहे, पण ती पुढे पोहोचत नाहीये. वाट अडवलेली असते ती वाळून चिकट झालेल्या तेलाने आणि धुळीने.

त्यामुळे अनेक जुनी घड्याळं नीट साफ केली की पुन्हा चालू होतात. व्हिडिओ बघून हा छंद हौसेने शिकणारेही आता बरेच आहेत. फक्त कामाचा क्रम चुकला, तर शंभर वर्षं टिकलेली वस्तू पाच मिनिटांत कायमची बिघडू शकते.

आत नेमकं काय असतं?

चावी दिली की एका डबीत गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग आवळली जाते. ती हळूहळू सुटते आणि दातेरी चक्रांची साखळी फिरवते. ही ताकद एकदम संपू नये म्हणून शेवटी एक छोटी पट्टी चक्राचा एकेक दात अडवते आणि सोडते. ती किती वेगाने हलायची हे ठरवतं बॅलन्स व्हील, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे डोलणारं चाक.

बऱ्याच जुन्या घड्याळांत तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. आतल्या पट्ट्यांवर '१५ ज्वेल' किंवा '१७ ज्वेल' लिहिलेलं दिसतं. ते खडे शोभेचे नसतात. चाकांची टोकं घासून झिजू नयेत म्हणून ती कडक माणकात फिरवतात.

आधी घड्याळाची ओळख पटवा

झाकणावरच्या नंबरवर जाऊ नका, कारण झाकण अनेकदा वेगळ्याच कारखान्यात बनलेलं असतं. खरा नंबर आतल्या यंत्रावर असतो. वॉल्थॅम आणि एल्जिन या अमेरिकी कंपन्यांच्या घड्याळांचं साधारण वर्ष त्या नंबरवरून इंटरनेटवर शोधता येतं. आपल्याकडच्या घरांत 'वेस्ट एंड वॉच कंपनी' हे नावही सापडतं. १८८६ साली सुरू झालेली ही कंपनी स्वित्झर्लंडमध्ये बनलेली घड्याळं मुंबई-कलकत्त्यातून विकायची.

पहिला हात आजोबांच्या घड्याळावर नको

नवशिके सगळ्यात जास्त इथेच फसतात. आधी एखादं स्वस्त यंत्र घ्या. मूळचं युनिटास ६४९७ हे खिशातल्या घड्याळासाठीच बनवलेलं यंत्र आहे आणि त्याची चिनी नक्कल एसटी ३६ या नावाने मिळते. भाग मोठे असल्याने ती सरावाला बरी पडते. ती पूर्ण खोलून, जोडून दोन-तीनदा चालू झाली, की मग घरच्या घड्याळाकडे वळा.

सामान फार लागत नाही. डोळ्याला लावायचं भिंग, चांगला चिमटा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, हवा मारायचा रबरी फुगा आणि खाली पांढरा कागद. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.

खोलण्याआधी चावी उतरवा

मुख्य स्प्रिंगमध्ये ताकद शिल्लक असताना मधला भाग काढला, तर चक्रं एकदम सुसाट फिरतात आणि त्यांचे दात किंवा टोकं तुटतात. म्हणून चावीचं बटण बोटांत घट्ट धरायचं, स्प्रिंगला अडवणारा खटका हलकेच बाजूला करायचा आणि बटण थोडं थोडं उलटं सुटू द्यायचं.

आणखी एक गंमत. चावीजवळच्या चक्राचा स्क्रू अनेक घड्याळांत उलट्या आट्यांचा असतो. तो निघत नाही म्हणून जोर लावला, की त्याचं डोकं तुटतं.

सफाई करताना लाख सांभाळा

सुटे भाग घड्याळासाठीच्या द्रावणात धुतात. पण दात अडवणाऱ्या पट्टीवरचे दोन खडे जुन्या पद्धतीने लाखेने चिकटवलेले असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. त्यामुळे हा भाग स्पिरिटमध्ये भिजत ठेवायचा नाही.

तेलाचंही तसंच आहे. मुख्य स्प्रिंगला ग्रीस, सावकाश फिरणाऱ्या चाकांना जाड तेल, वेगवान चाकांना पातळ तेल, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच. चक्रांच्या दातांना तेल लावत नाहीत. केसासारख्या स्प्रिंगला तर अजिबात नाही, कारण तिचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ भलतंच पुढे धावू लागतं.

रेडियमपासून लांब राहा

आकड्यांवर आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी, जाडसर रंग दिसला, तर सावध व्हा. पहिल्या महायुद्धापासून १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांसाठी रेडियम वापरलं जायचं. असा रंग लावताना ब्रश ओठांनी टोकदार करणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींचे जीव त्यात गेले. आज तो रंग चमकत नसला, तरी रेडियम तिथेच आहे. ते निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. धोका त्याची धूळ श्वासातून आत जाण्याचा आहे. असा रंग खरवडू नका. असं घड्याळ घरी उघडूच नका.

कुठे थांबायचं?

बॅलन्स व्हीलचा आस तुटला असेल किंवा केसासारखी स्प्रिंग वाकली असेल, तर घड्याळजींकडे जा. त्या आसाची टोकं मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतकी बारीक असतात. घड्याळ एकदा हातातून पडलं तरी ती मोडतात, आणि नवा आस बसवणं हे पहिल्या वर्षात जमणारं काम नाही.

झाकण चकाचक करण्याचा मोहही टाळा. पॉलिशने कोरीव काम, चांदीचे शिक्के आणि कुणाची आद्याक्षरं पुसली जातात, किंमतही उतरते. झाकणाच्या आतल्या बाजूला भिंगातून बघितलं, तर टोकदार सुईने कोरलेली बारीक अक्षरं आणि आकडे दिसू शकतात. घड्याळ दुरुस्त केल्यावर घड्याळजी अशी खूण करून ठेवायचे. तुमच्या आजोबांनी ते किती वेळा दुरुस्तीला दिलं होतं, हे कदाचित तिथेच कळेल.