पास्काच्या रात्री काय घडतं

ख्रिस्ती माणूस पापाकडे आणि मरणाकडे कसा पाहतो हे समजून घ्यायचं असेल, तर ईस्टरच्या आदल्या रात्री एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसावं. शनिवारी अंधार पडल्यावर सुरू होणारा आणि रविवारी उजाडायच्या आत संपणारा हा विधी म्हणजे पास्काचं जागरण. आमच्या वर्षभरातली सगळ्यात मोठी उपासना हीच. पाप, तारण, नवजीवन हे शब्द प्रवचनांतून इतके कानांवर पडतात की शेवटी ते नुसते ऐकू येतात. त्या रात्री मात्र ते विस्तव, मेण, पाणी आणि भाकर होऊन समोर येतात. मधल्या कित्येक शतकांत हा विधी सरकत सरकत शनिवारच्या सकाळवर येऊन ठेपला होता, आणि लख्ख उजेडात पेटवलेल्या मेणबत्तीला काही अर्थच उरला नव्हता. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो पुन्हा रात्री करण्याची मुभा दिली आणि १९५५ मध्ये पवित्र आठवड्याची सगळी मांडणीच नव्यानं लावून दिली.

सुरुवात चर्चच्या बाहेर होते. आतले दिवे मालवलेले असतात. अंगणात विस्तव पेटवतात, फादर त्याला आशीर्वाद देतात, आणि मग पास्काची मेणबत्ती पुढे आणली जाते. ती जवळून पाहावी. फादर टोकदार सळईनं मेणात आधी क्रूस कोरतात. क्रूसाच्या वर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर अल्फा, खाली शेवटचं अक्षर ओमेगा, आणि क्रूसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे. त्यानंतर धुपाचे पाच खडे क्रूसाच्या आकारात रोवले जातात. त्या येशूच्या जखमा : दोन हातांच्या, दोन पायांच्या आणि कुशीतली एक. मला त्यांतले वर्षाचे आकडे फार मोलाचे वाटतात. अनादि-अनंताच्या खुणांमध्ये हे चालू साल कोरलं जातं. ज्यांच्या घरातलं माणूस यंदा गेलं, जे यंदा स्वतःच्याच नजरेतून उतरले, त्यांचं हे साल. आणि जखमा लपवलेल्या नाहीत. मरणातून उठलेल्या येशूनं थोमाला आपले खिळ्यांचे व्रण दाखवले, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. जे सोसलं ते पुसून टाकून मिळालेला हा विजय नव्हे.

पेटलेली मेणबत्ती घेऊन मिरवणूक अंधाऱ्या चर्चमध्ये शिरते. वाटेत तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष होतो. दुसऱ्या थांब्यानंतर लोक आपापल्या हातातल्या मेणबत्त्या त्या ज्योतीवर पेटवून घेतात आणि मागच्याला देतात. तिसऱ्यानंतर चर्चमधले दिवे लागतात. मग पास्काची घोषणा गायली जाते. हे प्राचीन स्तुतिगान फार धीट आहे. आदामाच्या पापामुळे एवढा थोर तारणारा लाभला, म्हणून ते पाप भाग्याचं ठरलं, असं ते म्हणतं. पापाची थोरवी गायलेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं. माणसानं केलेली सर्वांत मोठी नासधूससुद्धा देवाच्या हातून निसटून गेलेली नाही, एवढं तिथं सांगायचं आहे.

आता सगळे खाली बसतात, कारण पुढचा भाग लांबलचक असतो. जुन्या करारातून सात वाचनं आणि नव्या करारातून दोन. सोयीसाठी सातांतली काही गाळता येतात, पण निर्गम ग्रंथाचा चौदावा अध्याय कधीही गाळायचा नाही असा नियमच आहे. इस्राएली लोक मिसरच्या गुलामगिरीतून निघाले आहेत, मागून फारोचे रथ, पुढे समुद्र, आणि समुद्र दुभंगतो. ख्रिस्ती आशेचा साचा इथं तयार होतो : ज्या पाण्यात बुडून मरायचं, त्याच पाण्यातून वाट निघते. सातवं वाचन यहेज्केल संदेष्ट्याचं. त्यात देव लोकांना दगडाचं काळीज काढून मांसाचं काळीज देण्याचं वचन देतो.

इथं जरा थांबायला हवं, कारण पाप म्हणजे काय हे याच वाचनातून नीट कळतं. आपल्याकडे पाप-पुण्य म्हटलं की जमाखर्च डोळ्यांसमोर येतो. चुकांची यादी असतेच, बायबलही ती देतं. पण त्या यादीच्या मुळाशी एक आजारलेलं काळीज आहे, आणि ते स्वतःच स्वतःवर शस्त्रक्रिया करू शकत नाही. जीवन ज्याच्याकडून येतं त्या देवाकडे पाठ फिरवली की उरतं ते मरण. म्हणून संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पाप आणि मरण ही जोडगोळी म्हणून उभी करतो. नुसती शिक्षा माफ झाली तर काळीज दगडाचंच राहील. नुसतं आयुष्य लांबलं तर पापही तितकंच लांबेल. सुटका व्हायची तर दोन्हींतून एकदमच व्हायला हवी.

सातवं वाचन संपलं की वेदीवरच्या मेणबत्त्या पेटतात आणि गुरुवारच्या संध्याकाळपासून मुक्या असलेल्या घंटा वाजू लागतात. उपवासकाळभर न उच्चारलेला आल्लेलूया परत येतो. त्याआधी रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचं वाचन होतं, आणि त्या रात्रीचा गाभा तिथं आहे. पौल म्हणतो की ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांचा ख्रिस्ताच्या मरणात बाप्तिस्मा झाला. ते त्याच्याबरोबर पुरले गेले, म्हणून त्याच्याबरोबर उठतीलही. म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याचं खरं मरण मागे पडलं आहे. पुढे जे येणार आहे ते शरीराचं थांबणं, आणि त्यावरही शेवटचा शब्द बोलला जायचा आहे.

हा शेवटचा शब्द कोणता? पौलानं करिंथकरांस पहिलं पत्र इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलं. येशूला क्रूसावर देऊन तेव्हा जेमतेम पंचवीसेक वर्षं झाली होती. पंधराव्या अध्यायात तो साक्षीदारांची नावं देतो : केफा, बारा शिष्य, याकोब. पाचशेहून अधिक जणांना येशू एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो लिहितो. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे आणि तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, हेही तो तिथंच स्पष्ट सांगतो. पळवाट त्यानं ठेवलेलीच नाही. आणि तो बोलतो ते पुनरुत्थानाविषयी. आत्म्यानं देहाचं वस्त्र टाकून दुसरं घालणं हा पुनर्जन्माचा विचार वेगळा, आणि देहातून सुटका हीच मुक्ती हा विचारही वेगळा. ख्रिस्ती श्रद्धेत देहही उठतो. ज्या हातांनी भाकरी थापली, ज्या पाठीनं ओझी वाहिली, ती देवाला हवी आहेत.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत हे चित्रानं सांगतात. इस्तंबूलच्या पूर्वीच्या खोरा चर्चमधलं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं भित्तिचित्र त्यात सर्वांत प्रसिद्ध आहे. शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त अधोलोकाची दारं मोडून त्यांवर उभा आहे, पायाखाली कड्याकुलपांचे तुकडे विखुरले आहेत. एका हातानं तो आदामाला आणि दुसऱ्यानं हव्वेला कबरीतून ओढून काढतो आहे. त्यानं त्यांची मनगटं धरली आहेत. आदामाच्या बोटांनी काहीच पकडलेलं नाही, जोर सगळा ओढणाऱ्याचा आहे. कृपा या शब्दाचा अर्थ शिकवायला मी याहून चांगली गोष्ट सुचवू शकत नाही.

मग विश्वासाचं काम काय? ते जागरणाच्या तिसऱ्या भागात कळतं. संतांची माळ गायली जाते, फादर पाण्याला आशीर्वाद देताना पास्काची मेणबत्ती त्यात बुडवतात, आणि नव्यानं आलेल्यांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, होतो. त्यानंतर सगळ्या भाविकांना आधी पापाचा आणि सैतानाचा त्याग करता का, असं तीनदा विचारतात. मग पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, असं तीनदा. विश्वास म्हणजे हे ‘होय’. पकडणाऱ्याला आपलं मनगट धरू देणं. माणूस तारण स्वतःच्या सत्कर्मांनी कमावतो की कृपेनं मिळवतो, यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेची मंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबर्ग शहरात कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी एकत्र सही करून मान्य केलं की देव माणसाला स्वीकारतो ते ख्रिस्तावरच्या विश्वासानं, केवळ कृपेनं, आणि सत्कर्मं ही त्याची फळं. सगळे वाद मिटले नाहीत, पण या मुख्य प्रश्नावर दोघं एका बाकावर आले.

वसईच्या चर्चमध्ये हे सगळं मराठीत होतं. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे जागरण बहुधा नसतं. तिथं पुनरुत्थानदिनाच्या पहाटेच्या उपासनेला मान आहे. जर्मनीतल्या हेर्नहुट गावातले मोरावियन ख्रिस्ती १७३२ मध्ये सूर्योदयाला कबरस्तानात जमून गायले, तिथून पहाटेच्या अशा उपासनांचा पायंडा पडला. आणि मराठीत ही कथा ओवीबद्ध होऊन चारशेहून अधिक वर्षं झाली : फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं.

पास्काची मेणबत्ती पन्नास दिवस, पेन्टेकॉस्टपर्यंत, वेदीजवळ राहते. नंतर ती स्नानकुंडाजवळ ठेवतात आणि वर्षभर दोनच प्रसंगी पेटवतात : बाळाच्या स्नानसंस्काराला आणि अंत्यविधीला, शवपेटीजवळ. बाप्तिस्म्यात जे सुरू झालं ते शवपेटीपाशी पूर्ण होतं आहे, असं ती सांगते. याचा अर्थ रडायचं नाही असा कुणी घेऊ नये. अशा वेळी सांत्वनाच्या नावाखाली “रडू नका, तो देवाघरी गेला” असं सांगणाऱ्यांचा मला त्रास होतो. मेलेल्या लाजराला उठवायला निघालेला येशू त्याच्या कबरीकडे जाताना स्वतः रडला. पौलानंही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असं सांगितलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच म्हटलं.

राहता राहिला रोजचा प्रश्न. विजय झाला असेल तर आम्ही अजून पाप का करतो आणि अजून का मरतो? फ्रेंच-जर्मन सीमेवरच्या स्ट्रासबर्गचे धर्मपंडित ऑस्कर कुलमन यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात त्या काळाला ताजा असलेला दाखला दिला : निर्णायक लढाई जिंकली गेली तरी युद्ध संपायला वेळ लागतो. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं जून १९४४ मध्ये, युरोपातलं युद्ध थांबलं मे १९४५ मध्ये. मधल्या अकरा महिन्यांतही माणसं मेली, गावं बेचिराख झाली, तरी निकाल फिरणार नव्हता. ख्रिस्ती माणूस अशा मधल्या काळात जगतो. म्हणून कॅथलिक मंडळीत पापनिवेदनाचा संस्कार आहे, आणि म्हणूनच त्यागाचे आणि विश्वासाचे ते प्रश्न एकदा विचारून संपत नाहीत. पुढच्या पास्काच्या रात्री फादर ते पुन्हा विचारतात, आणि वर्षभर ठेचकाळलेली तीच माणसं पुन्हा ‘होय’ म्हणतात.