कासवांचे किनारे आणि रात्रीचा उजेड

वन्य जीवांचे संरक्षण म्हटले की सह्याद्रीतील गर्द अरण्य आणि गवे डोळ्यांसमोर येतात. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांमुळे गोव्याच्या पूर्वेस अशा वनांचा पट्टा राखला गेला आहे. पश्चिमेच्या समुद्रकिनाऱ्याकडे मात्र आपण मासेमारी आणि पर्यटन यांचे क्षेत्र म्हणूनच पाहतो. वस्तुतः तेथेही वन्य जीवन आहे, आणि वर्षातील काही रात्री ते आपल्या घरांपासून हाकेच्या अंतरावर येते.

पेडणे तालुक्यातील मोरजी व मांद्रे आणि काणकोण तालुक्यातील आगोंद व गालजीबाग येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. हा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असा असतो. मादी रात्री पाण्याबाहेर येते, भरतीच्या रेषेपलीकडे मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून समुद्रात परतते. आपली पिले तिच्या दृष्टीस पडत नाहीत. पुढे सुमारे पन्नास दिवस वाळूची ऊबच अंडी उबविते. वाळू अधिक तापलेली असेल तर बहुतांशी माद्या, थंड असेल तर बहुतांशी नर निपजतात. जी पिले जगतात, त्यांतील माद्या मोठ्या झाल्यावर ज्या भागात जन्मल्या त्याच भागातील किनाऱ्याकडे अंडी घालण्यास येतात. म्हणून एक किनारा बिघडला तर त्या दुसरा शोधतील, अशी खात्री बाळगता येत नाही.

पिले बहुधा रात्री वर येतात. त्यांना वाट दाखविणारे कोणी नसते. काळोख्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ दिसते ते समुद्राकडील क्षितिज. मागील बाजूस वाळूच्या टेकड्या व झाडी काळी दिसते. पिलू उजेडाकडे धावते, आणि ही खूण हजारो वर्षे बिनचूक ठरली. आता मात्र शॅकमधील एखादा प्रखर दिवाही त्याला वस्तीकडे ओढून नेण्यास पुरेसा होतो. तेथे कुत्री असतात, कावळे असतात, रस्त्यावरील वाहने असतात; त्यांतून वाचलेले पिलू सकाळच्या उन्हात सुकून जाते. उजेड आणि गोंगाट यांमुळे मादीही पुष्कळदा अंडी न घालताच परत फिरते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे. त्यास मारणे किंवा त्याची अंडी काढणे हा गुन्हा आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत वरील चारही किनाऱ्यांचा नावानिशी उल्लेख झाला. तथापि, रात्री दिवा मालविण्याचे काम अधिसूचना करू शकत नाही. ते तेथे राहणाऱ्यांनाच करावे लागते. मोरजीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. पूर्वी तेथे अंडी खाल्ली व विकली जात. १९९० नंतरच्या दशकात वनखात्याने गावकऱ्यांनाच राखणीच्या कामात घेतले, आणि माग ओळखण्याची त्यांची जाण घरट्यांच्या रक्षणास उपयोगी पडू लागली. त्याच किनाऱ्यावर पर्यटनही वाढले, हेही नमूद करणे प्राप्त आहे. अंडी चोरणाऱ्यास अडविणे सोपे. दिवे लावून बसलेल्या पाहुण्यास अडविणे अवघड.

कधी कधी सद्हेतूनेही हानी होते. घालून काही तास झालेले अंडे उलटेसुलटे फिरविले तर आतील गर्भ दगावतो. म्हणून अंडी हलविणे हे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचेच काम होय. पिले बादलीत ठेवून छायाचित्रे काढण्याची हौस तर सर्वस्वी अनुचित आहे. त्यात पिलांची पोहण्यासाठी राखलेली शक्ती फुकट जाते.

हंगामात किनाऱ्यालगतच्या घरमालकांनी व व्यावसायिकांनी समुद्राकडे तोंड असलेले दिवे रात्री बंद ठेवावेत, अथवा त्यांवर आडोसा करावा. पुळणीवर वाहने नेऊ नयेत. मादी दिसल्यास विजेरीचा झोत न टाकता दूर थांबावे आणि जवळच्या वन कार्यालयास कळवावे. मच्छीमार बांधवांनी जाळ्यात सापडलेले कासव त्वरित मोकळे करावे. कासव हवेवर श्वास घेते, त्यामुळे पाण्याखालच्या जाळ्यात ते गुदमरते. किनारी गावांतील शिक्षकांनी ही माहिती नोव्हेंबरपूर्वीच वर्गात सांगावी.