लांबचं जवळ आणणारा छोटा कॅमेरा

गेल्या काही दिवसांत आपल्या रेडिओकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या गटांकडून आला. "गटाच्या पैशातून कॅमेरा घ्यायचाय, झूमवाला. कोणता घेऊ?" एका ताईंनी पुढे असंही म्हटलं, की दुकानदार म्हणतो जितके मेगापिक्सेल जास्त तितका कॅमेरा भारी, हे खरं का? मी मुलुंडला राहते. खाडीकाठचे आणि बोरिवलीच्या जंगलातले पक्षी बघायला जाते आणि खिशात मावणारा असाच एक कॅमेरा वापरते. म्हणून आज हा विषय माझ्याकडे आला.

आधी एक स्पष्ट सांगते. पापडाचे, लोणच्याचे, गोधडीचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचे, बैठकीचे फोटो अहवालाला लावायचे, एवढंच काम असेल तर कॅमेरा घेऊ नका. गटातल्या कुणाच्या तरी हातात बरा मोबाइल असतोच, तो पुरतो. पैसे शिलकीत राहू द्या. झूमच्या कॅमेऱ्याचा उपयोग तिथेच, जिथे आपण वस्तूच्या जवळ जाऊ शकत नाही किंवा जाऊ नये. झाडाच्या शेंड्यावरचं आग्या मोहोळ, खाडीतला पक्षी, शेताच्या बांधावरचा साप, मैदानाच्या पलीकडे धावणारी आपली मुलगी, अशी कामं असतील तर पुढचं ऐका.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. असं काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या गटाला लांबच्या खंड्याचा स्पष्ट फोटो हा कमाईचा भाग आहे. पाहुण्याला पक्षी दाखवता येतो, नाव पडताळता येतं, जाहिरातीला स्वतःचा फोटो वापरता येतो. अशा गटाने कॅमेऱ्याचा विचार जरूर करावा.

आता झूम म्हणजे काय ते बघू. खरा झूम भिंगांचा असतो. कॅमेऱ्याची नळी बाहेर येते, आतली भिंगं पुढेमागे सरकतात आणि लांबची वस्तू मोठी दिसते. दुसरा असतो डिजिटल झूम. तो म्हणजे काढलेल्या फोटोतला मधला तुकडा कापून ताणणं. पोळीचा तुकडा ताणला म्हणून पोळी वाढत नाही, तसंच ते. खोक्यावर मोठ्या अक्षरात "१२० एक्स" लिहिलेलं असतं, त्यात हे दोन्ही गुणलेले असतात. तुम्ही विचारायचं ते एकच: "ऑप्टिकल झूम किती?" आणि कॅमेरा हातात आला की सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल झूम बंद करून टाकायचा.

एक्सचा आकडाही नीट समजून घ्या. तो फक्त सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या टोकाचा भागाकार आहे. २४ मिलिमीटरपासून ७२० पर्यंत जाणारा कॅमेरा ३० एक्स. २८ पासून ८४० पर्यंत जाणाराही ३० एक्सच. पण दुसरा जास्त लांब पोचतो, आणि पहिल्यात छोट्या खोलीत बसलेल्या पंधरा बायका एका फोटोत मावतात. म्हणून एक्स न बघता दोन्ही टोकांचे आकडे बघा. २०१८ साली आलेला कॅननचा एसएक्स ७४० हा ४० एक्स आहे, म्हणजे २४ ते ९६०. सोनीचा एचएक्स ९९ हा ३० एक्स, २४ ते ७२०.

हे आकडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून हिशोब सांगते. मोबाइलच्या साध्या भिंगाने १०० मीटर लांबची जागा टिपली तर फोटोत साधारण दीडशे मीटर रुंदीचा पट्टा येतो. त्यात पक्षी म्हणजे ठिपका. ७२० च्या झूमने त्याच १०० मीटरवर फक्त ५ मीटर रुंदीची जागा फोटो भरून दिसते. ९६० ने पावणेचार मीटर. आता सव्वा मीटर उंचीचा रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, त्यात किती मोठा दिसेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

मेगापिक्सेलचं उत्तर देऊन टाकते. ए-फोर कागदावर उत्तम छापायला ९ मेगापिक्सेल पुरतात. हल्लीच्या सगळ्या कॅमेऱ्यांत त्याहून जास्तच असतात, म्हणून त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. या खिशातल्या कॅमेऱ्यांची खरी मर्यादा वेगळी आहे. आत प्रकाश झेलणारी जी चकती असते, सेन्सर म्हणतात तिला, ती जेमतेम ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, तुरीच्या दाण्याएवढी. एवढ्याशा जागेवर प्रकाश कमी पडतो. त्यातून झूम लांबवला की भिंगातून येणारा प्रकाश आणखी घटतो. एसएक्स ७४० मध्ये पूर्ण झूमवर तो जवळजवळ चौथाई होतो. म्हणून हे कॅमेरे उन्हाचे. रात्रीच्या कीर्तनात, लग्नाच्या मांडवात मागच्या रांगेतून झूम करून काढलेला फोटो रवाळ आणि हललेला येणार. बोरिवलीला कान्हेरीच्या लेण्यांत गेलात तर हे लगेच कळतं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्ती बाहेरच्या उजेडात छान येतात, पण आत अंधारात झूम केला की सगळं धूसर. तिथे झूम मागे घ्यायचा आणि आपण चार पावलं पुढे जायचं. फ्लॅशवर विसंबू नका, त्याचा उजेड चार-पाच मीटरच्या पलीकडे पोचत नाही.

विकत घेताना आणखी एक अडचण आहे. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी विक्रीला पाठवले. मोबाइल आले आणि २०२३ पर्यंत तो आकडा ८० लाखांच्याही खाली गेला. त्यामुळे छोट्या कॅमेऱ्यांची नवी मॉडेलं फार थोडी निघतात, आणि बऱ्याच जणींना जुना कॅमेरा घ्यावा लागतो. जुना घ्यायला माझी हरकत नाही, पण हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. झूम दहा वेळा पूर्ण पुढे-मागे करा. नळी अडखळली, घरघरली तर आत वाळू गेली आहे, तो कॅमेरा तिथेच ठेवा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग दिसतात का बघा. टॉर्च मारून भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघा. मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते. त्या मॉडेलची बॅटरी बाजारात अजून मिळते का ते आधी विचारा. नवा घेत असाल तर जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतात चालणारं वॉरंटी कार्ड हवंच. "बिलाशिवाय स्वस्त देतो" म्हणणाऱ्याला राम राम. गटाच्या पैशाला बिल लागतंच.

शक्य असेल तर डोळा लावून बघायची छोटी खिडकी असलेला घ्या. भर उन्हात मागचा पडदा काळा दिसतो, आपण नक्की काय टिपतोय ते कळत नाही. सोनीच्या एचएक्स ९९ मध्ये ही खिडकी आहे, कॅननच्या एसएक्स ७४० मध्ये नाही. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हात कमी हलतो.

आणि हात हलणं हाच झूमचा मोठा शत्रू. जितका झूम जास्त तितकी थरथर मोठी. ७२० वर फोटो काढताना साधा नियम असा, की सेकंदाच्या ७२०व्या भागापेक्षा शटर सावकाश नसावं. कॅमेऱ्यात थरथर सावरणारी सोय असते, तिने बरीच सवलत मिळते, पण ती फक्त आपल्या हाताची. उडणारा पक्षी ती थांबवू शकत नाही. त्याला सेकंदाचा हजारावा भाग हवा. डायलवर "एस" किंवा कॅननवर "टीव्ही" असं अक्षर असतं, तिथे नेऊन १००० लावायचं. बाकीचं कॅमेरा बघतो.

उभं राहायचं कसं? कोपरं बरगड्यांना चिकटवा, भिंतीला किंवा झाडाला पाठ टेका. तिपाई नसली तरी चालतं. कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरा, ती पिशवी कठड्यावर किंवा होडीच्या काठावर ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा टेकवा. पिशवी कॅमेऱ्याच्या आकाराने बसते. बटण एकदम दाबू नका. अर्धं दाबा, हिरवा चौकोन येऊ द्या, मग श्वास सोडता सोडता पूर्ण दाबा. पक्षी सापडत नाही अशी तक्रार सगळ्याच करतात, कारण पहिल्याच झटक्यात झूम पूर्ण लांबवतात. आधी झूम न करता पक्षी चौकटीच्या मधोमध आणा, मग हळूहळू वाढवा.

सरावाला आमच्याकडचं ठिकाण सांगते, ठाणे खाडी. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्या जागेला रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीचा, दर्जा मिळाला. थंडीत येणारे रोहित मे महिन्यापर्यंत दिसतात. दोन जाती येतात. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, लहान रोहिताची जवळजवळ पूर्ण गडद. नुसत्या डोळ्यांनी हे दिसत नाही, झूमने दिसतं.

पण वेळ साधावी लागते. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी लांब जातात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. भरतीची वेळ काढायचा आपल्या कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. द्वादशीला बाराचे पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास पूर्ण भरती. तेव्हा द्वादशी-त्रयोदशीला सकाळी साडेसहा-सात ते नऊ ही उत्तम वेळ, ऊनही कोवळं. पण या वेळी खाडीच्या पूर्वेला, ऐरोलीच्या बाजूला उभं राहायचं. तिथे सूर्य पाठीशी असतो. भांडुप पंपिंग स्टेशनची बाजू पश्चिमेला, तिथे सकाळी ऊन थेट भिंगात येतं आणि गुलाबी पक्षी काळे दिसतात. भांडुपला संध्याकाळी जा, सप्तमी-अष्टमी धरून. दोन्हीकडे प्रवेशाची आणि होडीची चौकशी आधी करून घ्या. दुपारी जाऊच नका. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि कितीही महाग कॅमेरा असला तरी फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो.

हे थवे शहराला किती चिकटून राहतात त्याची आठवण २० मे २०२४ च्या रात्री झाली. घाटकोपरच्या पंतनगर भागावर विमानाला थवा धडकला आणि चाळीसेक रोहित मेले. दगड मारून, आरडाओरडा करून थवा उडवायचा आणि उडतानाचा फोटो काढायचा, असे लोक मी बघितले आहेत. झूम हातात असताना तर त्याची काहीच गरज नाही.

आता गावाकडचा धोका. साप किंवा बिबट्या दिसला तर झूमचा उपयोग अंतर राखण्यासाठी करायचा. फोटो नीट येत नाही म्हणून एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. बिबट्यासाठी वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे. आणि साप चावला असेल तर फोटोत एक मिनिटही घालवू नका, १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

झूम आपल्यावरही रोखला जातो, हे बोललं पाहिजे. नदीच्या घाटावर, न्हाणीघराच्या आडोशाला, कपडे बदलताना कुणी लांबून बाईचा फोटो काढला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तो गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते. "मी तर शंभर फूट लांब होतो" हा बचाव नाही. गटाचा कॅमेरा मुलांच्या हातात देतानाही हे त्यांना सांगून द्या.

राहिला सांभाळ. समुद्रकाठची वाळू, चुलीची राख, पिठाच्या गिरणीतली धूळ या नळीत शिरल्या की दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी आत जाते. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा, बॅटरी चार्ज करा. आणि बचतीच्या वहीसारखी कॅमेऱ्याचीही वही करा: कुणी नेला, कोणत्या तारखेला, परत आला तेव्हा झूम नीट चालत होता का, कार्डावरचे फोटो उतरवून घेतले का. सही दोघींची, देणारीची आणि घेणारीची.