साठी उलटल्यावरची लावणी

आषाढात भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत, म्हणजे वेळवंडी, कानंदी आणि गुंजवणी या नद्यांच्या काठाने डोंगराकडे चढत जाणाऱ्या भातखाचरांत, मजुरीने लावणीला जाणाऱ्या बायकांची जी टोळी दिसते, तिच्यात तरुण बाई शोधावी लागते. उताराला बांध घालून सपाट केलेल्या आणि पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीच्या तुकड्याला खाचर म्हणतात. आणि या खाचरात पोटऱ्यांपर्यंतच्या चिखलात वाकून उभ्या असलेल्या ओळीत साठी ओलांडलेल्या, नातवंडे कॉलेजात असलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. वयोवृद्ध स्त्रिया पूर्वीपेक्षा अधिक काळ पैशाच्या कामात का राहतात, या जगभर चर्चिल्या जाणाऱ्या प्रश्नाचा या मावळ भागातला अर्थ समजून घ्यायचा असेल, तर आधी हे काम नेमके कसे होते ते पाहावे लागते.

लावणीची सुरुवात पावसाच्या कितीतरी आधी, राब भाजण्यापासून होते. ज्या जागेत रोपे तयार करायची तिथे वाळलेला पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून, वर मातीचा पातळ थर देऊन ते जाळायचे, म्हणजे तणाचे बी मरते आणि जमीन भुसभुशीत होते. हा सारा पाला डोंगरावरून डोक्यावर वाहून आणण्याचे काम मुख्यतः बायकांचेच असते. मृगाच्या आसपास पेरलेले बी तीन-चार आठवड्यांत लावणीजोगे होते, आणि त्या रोपांच्या वाफ्यालाच तरवा म्हणतात. तरवा काढणे हे दिसायला सोपे, पण हाताची परीक्षा पाहणारे काम आहे, कारण रोप बुंध्याशी धरून अशा बेताने ओढावे लागते की मूळ तुटू नये. मग मुळांचा चिखल पाण्यात खळखळून धुऊन हातात मावेल तेवढ्या रोपांची मूठ बांधायची, आणि या मुठी चिखलणी झालेल्या खाचरात जागोजाग टाकत जायच्या. चिखलणी, म्हणजे साचलेल्या पाण्यात जमीन नांगरून तिचा लगदा करणे, हे काम बैलांनी किंवा आता बहुतेक ठिकाणी पॉवर टिलरने पुरुष करतात आणि त्याचा रोज बाईच्या रोजापेक्षा जास्त असतो. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला, परंतु कामे मुळातच बायकांची आणि पुरुषांची अशी वाटून दिलेली असल्यामुळे तो या बांधावर कधी पोहोचला नाही.

प्रत्यक्ष लावताना बायका ओळीने उभ्या राहून मागे मागे सरकतात. डाव्या हातातल्या मुठीतून दोन-तीन काड्या अंगठ्याने वेगळ्या करायच्या, उजव्या हाताने त्या चिखलात दोन-तीन सेंटिमीटर रोवायच्या आणि लगेच पुढच्या चुडासाठी, म्हणजे एकत्र रोवायच्या काड्यांच्या जुडीसाठी, हात मोकळा करायचा, ही क्रिया इतकी जलद होते की पाहणाऱ्याला तिचे टप्पे दिसत नाहीत. रोप खोल गेले तर फुटवे, म्हणजे बुंध्यातून निघणाऱ्या नव्या काड्या, कमी येतात. उथळ राहिले तर पहिल्या जोरदार सरीला ते उपटून पाण्यावर तरंगते. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत चूड १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आळीपाळीच्या अंतराने लावायचे असतात, जेणेकरून चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची खतगोळी खोचता यावी. त्यासाठी खुणा केलेली दोरी लागते. मात्र हातात अनेक वर्षांचे अंतर बसलेल्या बायका त्या दोरीशी चटकन जुळवून घेतात, आणि या कामाला अकुशल म्हणणाऱ्या सरकारी वर्गवारीचा येथे फेरविचार व्हायला हवा. तरुण हाताला जोर असतो, तरी मोडलेल्या आणि वेड्यावाकड्या ओळींची भरपाई पुढच्या बेणणीत, म्हणजे तण काढताना, करावी लागते, हे शेतमालकाला माहीत असते. म्हणूनच जुन्या बायांना आधी बोलावणे जाते.

शरीर याची किंमत देते. दिवसभर वाकल्याने कंबर धरते, चिखलातून पाय उपसताना गुडघ्यांवर ताण येतो आणि सतत ओल्या राहिलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणजे कातडी पांढरी पडून सोलते व आग होते. रात्री हळद-तेल लावून सकाळी पुन्हा त्याच पाण्यात उतरणाऱ्या बाईच्या या दुखण्याची व्यवसायजन्य आजार म्हणून दखल घेतली जात नाही, ही गोष्ट संतापजनक आहे.

अमेरिकेतील स्त्रियांच्या बाबतीत अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१८ साली संपादित केलेल्या ग्रंथात उतारवयातील वाढत्या नोकरीचा संबंध शिक्षण, तरुणपणापासूनचा कामाचा अनुभव आणि मन रमेल असे काम यांच्याशी जोडला आहे. मावळात हे स्पष्टीकरण जवळजवळ उलटे होते. येथे उतारवयापर्यंत मजुरीत राहणारी स्त्री बहुधा शाळेत न गेलेली आहे, आणि शिकलेली तिची सून किंवा नात या कामापासून दूर गेली आहे. महत्त्वाचे म्हणजे तिचे काम नवे नाही, त्याचा मोबदला तेवढा नवा आहे. पूर्वी लावणी सावडीने होत असे, म्हणजे आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात राबायचे आणि उद्या त्याने दुसऱ्याच्या, अशा परतफेडीने. त्यात पैसा फिरत नव्हता आणि सासूच्या श्रमाची नोंद कुठेच होत नव्हती. या खोऱ्यांतले पुरुष आधी मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामाला गेले, नंतर पुणे-सातारा महामार्गावरच्या खेड-शिवापूर, शिरवळ भागातील कारखान्यांत लागले, आणि अलीकडे मुलांच्या शाळेसाठी सुनाही पुण्यात राहू लागल्या. ज्या घरात राबायला एकच माणूस उरले, ते घर सावड फेडू शकत नाही. ते रोख पैसे देते. एकेकाळी नात्याने आणि शब्दाने होणारे काम अशा रीतीने मजुरी झाले आणि त्या घडामोडीत म्हाताऱ्या बायकांच्या हाती, अनेकींच्या आयुष्यात पहिल्यांदाच, रोज पडू लागला. केंद्राच्या श्रमबल पाहणीत ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मधील २४.६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्क्यांवर गेलेला दिसतो. त्या आकड्याचा अर्थ लावताना, आधीपासून चाललेले किती काम नुसतेच मोजणीत आले, हे विचारले पाहिजे.

गरजही अर्थातच खरी आहे. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा मुलांचे, पानशेत आणि भाटघरच्या जलाशयांखाली खोऱ्यातली सपाट जमीन गेलेली, आणि उरलेल्या उताराचे तुकडे शहरातल्या लोकांच्या फार्महाऊससाठी विकले जात असलेले, अशा परिस्थितीत विधवेच्या हाती स्वतःचे म्हणावे असे फारसे काही राहत नाही. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये वयाच्या ६५ व्या वर्षी थांबतात. त्यानंतर वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेतून तेवढीच रक्कम मिळू शकते, परंतु पहिल्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, तर दुसरीत अवघी २१ हजार. मुलगा कंपनीत लागला की कागदावर आईची गरज संपते, मग तो घरी पैसे पाठवो वा न पाठवो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या मापाने पाहिले तर पाच दिवसांचे काम महिन्याच्या अनुदानाहून अधिक देते. बचत गटाचा हप्ता, गुडघ्याचे औषध, माहेरवाशिणीच्या हातावर ठेवायची नोट, हे सारे या रोजातून निघते, आणि त्यासाठी मुलाकडे हात पसरावा लागत नाही, याचे मोल या बायका स्वतः फार मोठे मानतात. लावणी संपली की त्यांपैकी काही राजगड-तोरणा किल्ल्यांच्या वाटांवर ताक आणि लिंबू सरबत विकायला बसतात. कार्तिकात पुन्हा कापणीला विळा हातात येतो.

आता नेरळजवळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली सगुणा भात तंत्र ही पद्धत कोकणाप्रमाणे इकडेही परिचयाची होत आहे. एकदा तयार केलेल्या गादीवाफ्यांवर पुढे न नांगरता बियाणे टोकायचे, त्यामुळे राब, चिखलणी आणि लावणी तिन्ही टळतात, खर्च वाचतो, कंबरही वाचते. शेतकऱ्याने ती स्वीकारावी यात शंका नाही. पण ज्या गावात ती रुजेल, तेथे पावसाळ्यातल्या लावणीची मजुरी ज्यांची मुख्य रोख कमाई होती, त्या बायकांसाठी श्रावणबाळ योजनेतली २१ हजारांची अट आधी उठवावी लागेल.