जावामधील दोन प्राथमिक कंपायलर-त्रुटी : निदान व निवारण

पदवी स्तरावर जावा शिकविताना पहिल्या काही प्रात्यक्षिकांतच दोन त्रुटी वारंवार आढळतात. स्टॅटिक संदर्भातून नॉन-स्टॅटिक घटकाचा उल्लेख करता येत नाही, ही पहिली. चलाला प्रारंभिक मूल्य मिळालेले नसण्याची शक्यता आहे, ही दुसरी. विद्यार्थ्यांत दोन्हींवर एकेक तोडगा रूढ आहे : दिसेल तेथे ‘स्टॅटिक’ लिहिणे आणि चलाला शून्य देऊन टाकणे. त्यामुळे संदेश नाहीसा होतो. दोष मात्र आज्ञावलीत राहतो.

पहिल्या त्रुटीचे मूळ मेन मेथडमध्ये आहे. परंपरेने ती स्टॅटिक असते, म्हणजेच क्लासचा एकही ऑब्जेक्ट निर्माण न होता ती चालते. नॉन-स्टॅटिक मेथडला मात्र ऑब्जेक्ट लागतो. तो कोणता, एवढेच कंपायलर विचारीत असतो. ‘विद्यार्थी’ या क्लासमध्ये ‘गुण’ हे चल व ते छापणारी मेथड आहे, असे मानू. मेथड स्टॅटिक केली की तीच त्रुटी ‘गुण’ या चलाबाबत येते. मग तेही स्टॅटिक केले जाते. आता आज्ञावली कंपाइल होते, परंतु ‘गुण’ सर्व ऑब्जेक्टना सामाईक ठरते. पहिल्यास 72 व नंतर दुसऱ्यास 35 गुण देऊन छापले, तर दोघांपुढेही 35 उमटतात. ‘न्यू’ वापरून ऑब्जेक्ट निर्माण करणे व त्याच्यामार्फत मेथड बोलावणे, हाच येथे खरा उपाय होय. (केवळ दिलेल्या संख्येचे वर्गमूळ काढणारी मेथड स्टॅटिक असणे अर्थातच उचित.) सप्टेंबर 2025 मधील 25 व्या आवृत्तीपासून मेन स्टॅटिक असण्याची सक्ती उरली नाही; तथापि ती जुन्या रीतीने लिहिल्यास त्रुटी येतेच.

दुसरी त्रुटी अधिक बोधप्रद आहे. क्लासमधील चलांना जावा आपोआप मूल्य देते, मेथडमधील स्थानिक चलांना देत नाही. गुण 40 वा अधिक असल्यास ‘निकाल’ या चलात ‘उत्तीर्ण’ ठेवले आणि ‘एल्स’ लिहिलेच नाही, तर 40 पेक्षा कमी गुणांच्या वाटेवर ते मूल्यहीन राहते. तेथे आरंभीच रिकामी अक्षरमाला दिल्यास अनुत्तीर्णाचा निकाल कोरा छापला जातो. काही विद्यार्थी 40 पेक्षा कमी गुणांसाठी दुसरे स्वतंत्र ‘इफ’ लिहितात. तरीही त्रुटी टिकते, कारण दोन अटी परस्परपूरक आहेत हे कंपायलर ताडून पाहत नाही. ‘एल्स’ लिहिताच ती दूर होते.

संदेशातील ओळ-क्रमांक चल वापरल्याच्या जागेचा असतो, उणीव मात्र त्याआधीच्या शाखेत असते. म्हणून दुरुस्तीपूर्वी, कोणत्या वाटेने आल्यास चल रिकामे राहते, हे विद्यार्थ्याकडून कागदावर लिहून घ्यावे.