फिश टँकमधल्या लाटा : पाणी हलतं का ठेवायचं आणि कसं?



मागच्या मार्चमधली गोष्ट आहे. आमच्या तिसरीच्या वर्गात दोन फुटी फिश टँक आहे. शनिवारी शाळा सुटताना मांजराच्या भीतीने मी टँकवर पूर्ण काच सरकवली, वीज वाचावी म्हणून एअर पंपाचं बटण बंद केलं आणि घरी गेले. सोमवारी दार उघडलं तर पाच गोल्डफिशपैकी तीन मेले होते. उरलेले दोन पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मुलं गप्प झाली. मग एकीने विचारलं, "मॅडम, मासा पाण्यातच राहतो ना? मग तो पाण्यात गुदमरला कसा?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. चूक माझीच होती. टँकच्या मानाने मासे जास्त होते आणि मी पाण्याची हालचालच बंद करून टाकली होती. नंतर वाचलं, जाणकारांना विचारलं आणि या वर्षी त्याच टँकमध्ये लाटा करणारा छोटा पंप बसवला. जे समजलं ते इथे मांडते.

पाण्यात ऑक्सिजन येतो कुठून?

मुलांना (आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्यांनाही) वाटतं की मासा पाण्यातूनच ऑक्सिजन वेगळा काढतो. तसं नाही. हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळतो आणि तेवढाच माशाच्या कल्ल्यांना मिळतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तेवढ्याच, म्हणजे एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो! पाणी तापलं की त्यात आणखी कमी मावतो. २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो, म्हणून मार्च ते मे जपायचे महिने.

हा ऑक्सिजन आत शिरतो तो पाण्याच्या वरच्या पातळीतून. पाणी स्थिर असेल तर वरचा थर भरून जातो, पण खाली तो फार सावकाश पोहोचतो. मी मुलांना पोषण आहाराच्या रांगेचं उदाहरण दिलं. पुढच्या मुलाला खिचडी वाढून झाली आणि तो तिथेच उभा राहिला, तर मागच्यांना कधी मिळणार? रांग सरकली पाहिजे. पाण्याचंही तसंच. भरलेलं पाणी खाली गेलं पाहिजे आणि रिकामं वर आलं पाहिजे.

एअर पंपाचे बुडबुडेही मुख्यतः हेच काम करतात. बुडबुडा एक-दोन सेकंदांत वर पोहोचतो, तेवढ्यात त्यातून फारसा ऑक्सिजन विरघळत नाही. तो जाताना पाणी वर ओढतो आणि वरची पातळी हलवतो, तो खरा फायदा.

मग लाटांचा पंप वेगळं काय करतो?

हा पंप म्हणजे पाण्यातला छोटा पंखा. फिल्टरचा पंप बारीक, जोरकस धार सोडतो. हा मात्र रुंद आणि मऊ प्रवाह देतो. प्रवाळ पाळणाऱ्यांना त्याची फार गरज असते. प्रवाळ जागचे हलू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत अन्न आणि ऑक्सिजन लाटा घेऊन येतात. (आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. पण ते कायद्याने संरक्षित आहेत, तुकडासुद्धा घरी आणायचा नाही, हे मुलांना आवर्जून सांगावं.)

आता खरी गंमत. एवढासा पंप अख्ख्या टँकचं पाणी कसं हलवतो? उत्तर आहे झोक्यात. झोका नेमका आपल्याकडे येऊन परत फिरतो तेव्हा एका बोटाने ढकललं तरी तो उंच जातो. वेळ चुकली तर दोन्ही हातांनी ढकलूनही जात नाही. टँकमधल्या पाण्यालाही असाच स्वतःचा झोका असतो. एका बाजूला पाणी चढतं, मग दुसऱ्या बाजूला. पंपाने या तालावर चालू-बंद, चालू-बंद केलं की लहानशा जोरावर लाट तयार होते.

हा ताल टँकच्या लांबीवर आणि पाण्याच्या खोलीवर ठरतो. आमच्या टँकची लांबी ६० सेंमी आणि पाणी २६ सेंमी. त्याचा एक हेलकावा साधारण ०.९ सेकंदाचा. चार फुटी टँकमध्ये ४५ सेंमी पाणी असेल तर तो साधारण १.४ सेकंदाचा होतो.

आधी वर्गात करून पाहा

पंप नसला तरी हा प्रयोग होतो. सुमारे ३० सेंमी लांबीचा, उभ्या कडांचा ट्रे किंवा डबा घ्या.

१. त्यात ५ सेंमी पाणी घाला. एक बाजू जराशी उचलून हळूच खाली ठेवा. पाणी हेलकावे खाऊ लागेल. दहा हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजा. साधारण ९ सेकंद येतील.

२. आता पाणी १० सेंमी करा आणि पुन्हा मोजा. साधारण ७ सेकंद येतील. आधी मुलांना अंदाज विचारा. आमच्याकडे बहुतेकांनी "जास्त पाणी म्हणजे हळू हलणार" असं सांगितलं आणि उत्तर उलट आलं!

३. पाण्यावर एक छोटं पान कडेजवळ आणि एक मधोमध सोडा. कडेचं पान वर-खाली होतं, मधलं पान पुढे-मागे सरकतं. म्हणजे मध्ये पातळी शांत दिसली तरी पाणी तिथेही हलत असतं.

पंप बसवताना

१. आधी पाणी मोजा. लांबी × रुंदी × पाण्याची उंची (सेंमी) भागिले १०००, म्हणजे लिटर. आमचं ६० × ३० × २६ = ४६,८०० घन सेंमी, म्हणजे साधारण ४७ लिटर. चौथी-पाचवीच्या मुलांकडून हे गणित करून घ्या.

२. साध्या गोड्या पाण्याच्या टँकला तासाला पाण्याच्या ५ ते १० पट प्रवाह पुरतो. प्रवाळांच्या टँकमध्ये २० ते ४० पटही ठेवतात. ते आकडे पाहून मोठा पंप आणू नका.

३. वेग कमी-जास्त करता येणारा, कंट्रोलर असलेला डीसी पंप घ्या. साध्या एसी पंपाला सेकंदा-सेकंदाला चालू-बंद करायला लावू नये, तो लवकर खराब होतो.

४. पंप टँकच्या अरुंद बाजूवर, पाण्याच्या खाली ५ ते ८ सेंमीवर लावा. तोंड लांबीच्या दिशेने आणि किंचित वर. फार वर लावला तर हवा ओढून घरघरतो, फार खाली लावला तर वाळू उडवतो. छोटे मासे किंवा झिंगे असतील तर जाळी हवीच.

५. टँक काठोकाठ भरू नका, वर ४-५ सेंमी जागा सोडा. झाकण ठेवायचंच तर हवा खेळेल इतकी फट ठेवा.

६. सगळ्यात कमी वेगावर सुरू करा आणि चालू-बंदचा वेळ हळूहळू बदलत जा. एका ठिकाणी लाट एकदम वाढलेली दिसेल. तोच तुमच्या टँकचा ताल. लाट एक सेंटीमीटरची असली तरी पुरे. ४७ लिटर म्हणजे ४७ किलो वजन इकडून तिकडे सरकत असतं, त्यामुळे टेबल डगमगत असेल तर लाटा करूच नका.

७. विजेचं भान ठेवा. बोर्ड पाण्यापासून लांब आणि वर असावा. वायर आधी बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जावी, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता तिथूनच ठिबकेल. गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी लाईनला आहे का ते पाहून घ्या. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा आणि ते काम मोठ्यांनीच करायचं.

८. बोअरच्या पाण्याने पंख्यावर क्षार बसतात. महिन्याने पंप काढून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवा, घासा आणि स्वच्छ धुऊन मगच परत लावा.

एक लक्षात ठेवा, हा पंप म्हणजे फिल्टर नव्हे. घाण तो काढत नाही. फिल्टर आणि नियमित पाणीबदल लागतोच.

लाटा कोणाला नकोत?

फायटर आणि गुरामी हे संथ पाण्यातले मासे. ते वर येऊन थेट हवाही घेतात. त्यांना जोराचा प्रवाह म्हणजे दिवसभराची शिक्षाच. फुगीर अंगाचे गोल्डफिशही थकतात. झेब्रा डॅनिओ किंवा केरळच्या ओढ्यांतला 'मिस केरळ' यांना मात्र वाहतं पाणी आवडतं. मासे सतत एका कोपऱ्यात दडून बसले तर वेग कमी करा. खाणं घालताना दहा मिनिटं पंप बंद ठेवा, पण परत चालू करायला विसरू नका!

लाईट गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, तर झाकण काढा आणि मगाने टँकमधलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतत राहा. हे मुलांनाही जमतं. सुट्टीत पंप बंद करायचा नाही, हे आता आमच्या दारामागे लिहून लावलं आहे.

सध्या आमच्या टँकमध्ये दोनच गोल्डफिश आहेत, त्या सोमवारी वाचलेले. लाट अगदी हलकी ठेवली आहे. उन्हाने पाणी आटलं की तिचा ताल चुकतो आणि ती लहान होते. परवा त्याच मुलीने हे माझ्याआधी ओळखलं. "मॅडम, लाट बारीक झाली, पाणी घालायला पाहिजे." तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं आहे, असं मी समजते.

तुमच्या वर्गात प्रयोग केलात तर ट्रेची लांबी, पाण्याची खोली आणि दहा हेलकाव्यांचा वेळ नक्की कळवा.