शारजाची रात्र कोणत्या वर्षात धरायची?

२४ एप्रिल १९९८. शारजात ऑस्ट्रेलियाविरुद्ध अंतिम सामना, समोर २७३ धावांचं लक्ष्य, आणि सचिन तेंडुलकर स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी १३४ धावा काढून कप आणतो. दोनच दिवस आधी, वाळूच्या वादळानं थांबलेल्या सामन्यात त्यानं १४३ केल्या होत्या. आमच्या घरी त्या रात्री आजोबा झोपले नाहीत. ते वर्षफलं मांडत. कॉलनीत फटाके सुरू होते आणि हे कंदिलाच्या काळापासून जपलेल्या वहीत आकडे लिहीत होते. सकाळी मला म्हणाले, "पोरी, एक सांग. ही खेळी जुन्या वर्षातली की नव्या?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जन्माच्या क्षणी सूर्य ज्या अंश-कलांवर होता, तिथे तो पुन्हा येतो तो क्षण म्हणजे वर्षप्रवेश. त्या क्षणाची कुंडली म्हणजे वर्षफल. पाश्चात्त्य ज्योतिषी हिलाच सोलर रिटर्न म्हणतात, फक्त ते सायन सूर्य घेतात आणि आपण निरयन. नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंदांचं. पंचवीस वर्षांत वरचे सहा तास साठून सहा दिवस ९ तास ४९ मिनिटं होतात. सहा दिवस लीप वर्षांनी गिळले, उरले ९ तास ४९ मिनिटं. दुपारी एकचा जन्म धरून पाहू, निव्वळ उदाहरण म्हणून: नवं वर्ष लागतं रात्री १० वाजून ४९ मिनिटांनी. पण आजोबांच्या वहीत होता जुना ध्रुवांक, दर वर्षाला १ वार १५ घटी ३१ पळं आणि वर काही विपळं. तो सूर्यसिद्धान्ताचा, त्याचं वर्ष सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठं. त्यानं वर्षप्रवेश रात्री सव्वाबाराला जातो, म्हणजे तारीखही २५ होते. सामना भारतीय वेळेनं उशिरापर्यंत चालला होता. शिवाय सचिनच्या जन्माच्या म्हणून वेगवेगळ्या वेळा ज्योतिषांच्या पुस्तकांत फिरतात. त्या खेळीचं श्रेय कोणत्या कुंडलीला द्यायचं, हे त्या वेळांनुसार बदलत जातं.

मला हा विषय मनापासून आवडतो, आणि म्हणूनच तो ढिलेपणानं वापरलेला सोसवत नाही. या शास्त्राला आपण ताजिक म्हणतो. ते अरबी-फारसी वाटेनं आलं आणि संस्कृतात असं रुळलं की त्यातले शब्द ऐकताना दोन भाषांचा संसार दिसतो. इत्थशाल म्हणजे अरबी इत्तिसाल, दोन ग्रह जवळ येऊन जुळणं. ईशराफ म्हणजे इन्सिराफ, जुळून दूर जाणं. इक्कबाल तर इक्बालच. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी, म्हणजे 'ग्रहलाघव'कार गणेश दैवज्ञांच्या वडिलांनी, ताजिकावर पद्धतिग्रंथ लिहिला. पुढे अकबराच्या काळात नीलकंठ दैवज्ञांनी शके १५०९ मध्ये, इ.स. १५८७ ला, 'ताजिकनीलकंठी' रचली. आजही वर्षफल शिकणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा तीच पडते.

तिच्यातली मुंथा ही कल्पना मला फार देखणी वाटते. जन्मलग्नापासून निघून ती वर्षाला एक रास चालते आणि बारा वर्षांनी घरी परतते. वर्षकुंडलीत ती नवव्या, दहाव्या, अकराव्या स्थानी आली तर उत्तम. चौथ्या, सहाव्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानी आली तर त्रास. वर्षेश ठरवायला पाच उमेदवार असतात: मुंथेश, जन्मलग्नेश, वर्षलग्नेश, त्रिराशिपती आणि दिवसा वर्षप्रवेश असेल तर सूर्यराशीचा, रात्री असेल तर चंद्रराशीचा स्वामी. जो बलवान आणि लग्नाला पाहतो, त्याच्याकडे वर्षाचा कारभार.

आता सचिनचा सूर्य बघा. २४ एप्रिलला तो मेषेच्या दहाव्या अंशाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ परमोच्च. ज्योतिषी हे कौतुकानं सांगतात. पण वर्षफलाची व्याख्याच अशी आहे की सूर्य दरवर्षी तिथेच येणार. २००४ साली टेनिस एल्बोनं त्याला मैदानाबाहेर बसवलं, त्या वर्षीही उच्चीचा सूर्य होताच. म्हणजे सगळा भार लग्नावर आणि चंद्रावर येतो, आणि लग्न साधारण दोन तासांत रास बदलतं.

खेळाडूचं वर्ष तरी एकसंध असतं का? १९९८ च्या वाढदिवसापासूनचं वर्ष घेऊ. त्या कॅलेंडर वर्षात सचिननं एकदिवसीय सामन्यांत १,८९४ धावा आणि नऊ शतकं केली, त्यातला मोठा भाग या वर्षात येतो. आणि याच वर्षात ३१ जानेवारी १९९९ चं चेन्नईही येतं: पाठीच्या वेदनेत १३६, आणि भारत पाकिस्तानकडून १२ धावांनी हरला. एकाच कुंडलीत दोन्ही. म्हणून जुन्यांनी मासप्रवेश आणि दिनप्रवेशाच्या कुंडल्याही मांडल्या. त्यांना अडचण कळत होती. उलट कोल्हापूरकडच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिम्पिकचं कांस्य १ ऑगस्ट २०२४ चं, आणि त्याचा वाढदिवस ६ ऑगस्टचा. पदक अख्ख्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात. असं वर्ष निकालानंतर वाचणं सोपं जातं. ग्रह जुळत असले तर इत्थशालानं दिलं म्हणायचं, जुळून सुटले असले तर आधी झालेल्या कामाचं फळ. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशानं हुकलं. ८ मिनिटं ११.२० सेकंद धावलेल्या त्या मुलाला कोणती मुंथा एवढा बारीक फरक सांगणार होती? आणि पुढे धावणाऱ्या केनियाच्या किबिवोटलाही स्वतःची कुंडली होतीच.

आपल्याकडे त्याहून मोठी अडचण तारखेचीच आहे. गावाकडे मास्तरांनी पोराला शाळेत घालताना १ जून टाकली, तीच आयुष्यभराची जन्मतारीख. वयोगटाच्या स्पर्धांसाठी तारखा पुढे ढकलल्या जातात, म्हणून तर क्रिकेट मंडळ मनगटाचे एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं. अशा कागदावर मिनिटांचा वर्षप्रवेश कसा उभा करायचा? जन्मतारखेचा खेळाशी खरा संबंध मात्र आहे, आणि तो वयोगटाच्या कटऑफमधून येतो. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली यांनी कॅनडाच्या हॉकीत दाखवलं की वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं वरच्या संघांत जास्त असतात. गटातली थोरली मुलं अंगानं मोठी, म्हणून निवडली जातात, मग चांगला कोच मिळतो.

ज्योतिषाच्या बाजूनं सर्वांत गंभीर दावा मिशेल गोकेलँ यांचा, १९५५ चा: अव्वल खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ उगवतीला किंवा माथ्यावर जास्त वेळा आढळतो. तो जन्मकुंडलीपुरता होता, वर्षफलाचा नव्हे. फ्रान्समध्ये १,०६६ खेळाडू घेऊन तो पुन्हा तपासला, १९९६ मध्ये निकाल छापला. परिणाम दिसला नाही. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला दिल्या. सत्तावीस ज्योतिषांचं बरोबर येण्याचं प्रमाण सरासरी ४६ टक्के होतं. आजोबा हयात असते तर त्यांनी तो लेख शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला असता.

हे सगळं मी पुन्हा काढलं ते भाचीमुळे. ती कबड्डी खेळते. गेल्या वर्षी रेडला गेली असताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. नऊ महिने झाले, फिजिओनं परत उतरायला हिरवा कंदील दिला, आणि ती एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली.

"मावशी, मुंथा आठवी आहे म्हणे. हे वर्ष सोडून दे असं सांगितलंय."

चहा थंड झाला. मी तिची वेळ विचारली. ताईला एवढंच आठवत होतं की दिवेलागणीची वेळ होती; रुग्णालयाच्या कागदावर सहा वाजले होते. मी दोन्ही गणितं मांडली. जुन्या ध्रुवांकानं एकोणीस वर्षांत तासाभराहून जास्त पुढे जातं, लग्न बदलतं आणि मुंथा आठवी येते. आजच्या, म्हणजे दृक् गणितानं लग्न मागच्या राशीत राहतं आणि तीच मुंथा नववी, भाग्यात. पानाच्या दोन बाजू तिच्यापुढे ठेवल्या.

ती बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे कोणतं खरं?"

"गुडघा वाकवून दाखव," मी म्हणाले.

तिनं पूर्ण वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सराव होता, म्हणून ती जेवायला थांबली नाही.